मधला खंड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ज्यांच्या घरी महाभारत लावतात त्यांना हा अनुभव असेल. द्यूताच्या प्रसंगापर्यंत बसायला जागा पुरत नाही. पांडव वनात गेले की एकेकीला घरची कामे आठवू लागतात! अठरा पर्वांतले हे तिसरे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत त्याचे अध्याय 299 भरले. एवढे वाचून राज्य काही परत मिळत नाही. माणसे चालतात, बसतात, बोलतात. मीही पाने उलटून पुढे जात असे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात औसा तालुक्यातले आमचे घर पडले. दगडमातीतून मराठी भाषांतराचा एकच खंड निघाला, तो नेमका वनपर्वाचा. पत्र्याच्या शेडमध्ये दुसरे वाचणार काय? संध्याकाळी मी वाची, पाचसात बायका ऐकत.

द्रौपदी धर्मराजाला विचारते, मला वनात आलेली पाहून तुम्हांला राग कसा येत नाही? तो क्षमेची थोरवी सांगतो. तिचे समाधान होत नाही. ती विधात्यालाही बोल लावते. शेजारच्या काकू एकदम म्हणाल्या, "खरं बोलायली की ती!" भूकंपानंतर त्या प्रथमच आपणहून बोलल्या.

पुढे सत्यभामेला ती संसाराच्या गोष्टी सांगते. त्यांतल्या साऱ्याच मला पटत नाहीत, हे इथे मोकळेपणी सांगते. पण खजिन्याचा जमाखर्च एकट्या तिला ठाऊक होता, हे आपल्याला कळते ते राज्य गेल्यावर, वनात! आपली वटपौर्णिमेची सावित्रीसुद्धा मार्कंडेयांनी धर्मराजाला सांगितली ती इथेच.

शेवटी तळ्याकाठी चारही भाऊ निपचित पडलेले. यक्ष म्हणतो, एकालाच उठवीन. धर्मराज भीम मागत नाही, अर्जुन मागत नाही. नकुल मागतो, माद्रीचाही एक मुलगा राहावा म्हणून. काकूंच्या दोन मुलांपैकी एक त्या पहाटे गेला होता. माझा आवाजच फुटेना. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाच," म्हणाल्या, "थांबू नको."

वर्षभराने माझ्या भावाने नांदेडहून विराटपर्वाचा खंड आणला. मी तो उघडला तेव्हा काकू म्हणाल्या, "आधी तेच परत वाच की."