वाचनालयातली ताई एकटी नाही

आज आम्ही बचत गटाच्या बायका गावच्या वाचनालयाबद्दल बोलणार आहोत. पुस्तकांबद्दल नाही, तिथे काम करणाऱ्या ताईबद्दल.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही गावाकडच्या छोट्या वाचनालयात कामाला माणसं एक-दोनच. पगार तुटपुंजा. दुपारी ताई एकटीच बसलेली. कुणी पुस्तक घेताना मुद्दाम हात लावतो, कुणी मोबाईलवर घाणेरडं चित्र दाखवतो. संस्थेचा पदाधिकारीच ‘नोकरी टिकवायची ना?’ म्हणत अंगचटीला आला, तर तिनं सांगायचं कुणाला?

याला कायदा लैंगिक छळ म्हणतो. राजस्थानातल्या भटेरी गावच्या साथिन भंवरीदेवी यांनी बालविवाहाला विरोध केला, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातूनच सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा झाला. म्हणजे हा कायदा मुळात आपल्यासारख्या खेड्यातल्या कामकरी बाईमुळे आला.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. वाचनालयात तेवढी नसतात. म्हणून जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार संस्थाचालकाविरुद्ध असली तरी इथेच जायचं. नगरचा हेलपाटा जमत नसेल, तर तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. सात दिवसांत तो समितीकडे पाठवणं त्यांचं काम आहे. पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा.

तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची. तोवर तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. नाव गुप्त राहतं. पैसे देऊन मिटवामिटवी चालत नाही. आणि पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

अभ्यासिकेत भरतीचा अभ्यास करायला येणारी आपली लेकही या कायद्यात येते, नोकरीत नसली तरी.

आता आपलं काम. ताईला सांगूया, तारीख-वार वहीत लिहून ठेव, मेसेज पुसू नकोस. तिचं नाव बैठकीत घ्यायचं नाही, पण अर्ज द्यायला दोघींनी सोबत जायचं. तातडीची मदत लागली तर १८१ किंवा ११२ लावा. ‘तूच सांभाळून राहा’ हा सल्ला मात्र तिला देऊ नका. सांभाळून वागायचं ते त्रास देणाऱ्यानं.