लावणीपूर्वीची पारख



आपल्या मावळात भाताचे बी प्रथम तरव्यात टाकतात आणि रोपे वीतभर झाली की ती उपटून खाचरात त्यांची लावणी करतात. आज आम्ही ज्या विद्येविषयी बोलणार आहोत, ती मनुष्यबीजाच्या अशाच लावणीची आहे. मात्र भाताचे रोप टाकून दिले तर कोणी शोक करीत नाही. येथे तसे नाही, म्हणूनच हा विषय आम्ही या मंडपात आणला.

शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले पहिले मूल इंग्लंडात ओल्डहॅम येथे जुलै १९७८ मध्ये जगात आले. अशा फलित बीजाच्या पाचव्या दिवशी शंभराच्या आसपास पेशी होतात. आतल्या पुंजक्यातून बाळ घडते, बाहेरच्या आवरणातून वार. त्या आवरणातल्या पाचदहा पेशी काढून तपासतात आणि तोवर गर्भ गोठवून ठेवतात. बाळ ज्यातून व्हावयाचे त्या पुंजक्याला हात लावीत नाहीत.

या परीक्षेचा आरंभ कसा झाला, हे ऐकण्यासारखे आहे. काही घराण्यांत आईकडून येणारा, पण बहुधा मुलग्यांनाच ग्रासणारा रोग असतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अ‍ॅलन हँडिसाइड, रॉबर्ट विन्स्टन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली अशा घरांसाठी गर्भ तपासले आणि मुलींचे तेवढे निवडले. म्हणजे या विद्येचा पहिला उपयोग झाला तो मुलगी व्हावी म्हणून! आमच्याकडे तिचा उपयोग कशासाठी झाला असता, हे आपणांस सांगावयास नको. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा देशातला पहिला कायदा आपल्याच महाराष्ट्राने १९८८ साली केला, तो काही हौसेने नव्हे. पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची निवडही त्याच्या कक्षेत आली. आजाराच्या कारणावाचून मुलगा की मुलगी हे पाहणे गुन्हा आहे.

मग ही विद्या हवी कोणाला? थॅलसेमियाचे उदाहरण घ्या. नवराबायको दोघेही धडधाकट, पण दोघेही त्या दोषाचे वाहक. प्रत्येक खेपेस चारात एक अशी शक्यता की मूल रोगी होईल. त्या मुलाला दर दोनचार आठवड्यांनी परक्याचे रक्त भरावे लागते, त्या रक्तातले लोह अंगात साचते आणि ते काढण्याचे औषध निराळे घ्यावे लागते. असे एक मूल ज्यांच्या मांडीवर आहे त्यांनी दुसऱ्या वेळी गर्भ पारखून घेतला, तर त्यांना नावे ठेवण्याचे धाडस आम्हांस होत नाही. पोटातल्या गर्भाची तपासणी करून तीनचार महिन्यांनी तो पाडावा, त्यापेक्षा हे त्या माउलीला सोसवेल.

परंतु दुसरी एक तपासणी आहे. तीत विशिष्ट रोग शोधीत नाहीत, नुसती गुणसूत्रे मोजतात आणि 'यामुळे यश वाढेल' असे सांगून तिची भलामण होते. तिच्याविषयी आम्ही साशंक आहोत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरता, तिच्यामुळे गर्भधारणेचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. शिवाय काही गर्भांत बऱ्यावाईट पेशींची सरमिसळ असते. इटलीतल्या वैद्यांनी असे सरमिसळ गर्भ १८ स्त्रियांच्या उदरी ठेवले आणि त्यांतून सहा निरोगी बालके जन्मली, हे २०१५ साली छापून आले. वारेच्या चार पेशींवरून बाळाची कुंडली मांडणे कितपत खरे, ते यावरून ताडावे. उपचाराला बसलेल्या जोडप्याने ही तपासणी नेमकी कोणत्या रोगासाठी, असे वैद्याला बेधडक विचारावे.

आणखी एक गोष्ट. थॅलसेमियाच्या त्या जोडप्याचे गर्भ तपासले असता सरासरी निम्मे वाहक निघतात. 'डॉक्टर, यातही दोष आहे ना? मग टाकून द्या,' असे घाबरलेले आईबाप म्हणून जातात. वाहक म्हणजे रोगी नव्हे. ते मूल त्यांच्यासारखेच होईल, आणि ते दोघे तर स्वतःच्या पायांनी जिना चढून दवाखान्यात आलेले असतात.