कुरडयांची राखण

मळवलीतल्या एका घरातला एप्रिलचा आठवडा सांगते. सोमवारी चीक हाटायचा म्हणून सासू-सुना पहाटे चारला उठल्या. लोकलनं जाणाऱ्या नवऱ्याचा डबा तरीही वेळेवरच! दुसऱ्या दिवशी कुरडया राखायला पाचवीतली मुलगी, मांडीवर पुस्तक. भाऊ भाज्याकडे कैऱ्या पाडायला. परीक्षा दोघांचीही. मग दोन दिवस भाताच्या राबासाठी डोक्यावरून शेण-पाल्याचे भारे. शुक्रवारी चैत्राचं हळदीकुंकू. “आज काय ती बसले,” सुनेनं पन्ह्याचे पेले विसळताना सांगितलं.

सासऱ्यांना विचारलं, बायका काय करतात? “घरीच असतात.”

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला बायकांची रोजची २९९ मिनिटं भरली, पुरुषांची ९७. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. असे शंभरात २६. बाकीच्यांचं काय बोलावं?

शनिवारी सुनेनं कावळे हाकायची काठी मुलाच्या हातात दिली. सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत. मुलगी माझ्याजवळ अपूर्णांक सोडवत बसली. सोमवारी तिचा गणिताचा पेपर होता.