वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर
(गणेशोत्सवात दाल बाजार येथे दिलेले भाषण)



गेल्या वर्षी आरतीनंतर आपल्यातल्याच एका वहिनींनी मला थांबवलं. "भाऊजी, वाड्याला लागून गोदामाचा पाया खणलाय. विचारलं तर नकाशा पास आहे म्हणतात. आता बोलायचं कुणाशी?" प्रसादाच्या गडबडीत मी "बघू" म्हणालो. आज उत्तर देतो.

दाल बाजार ठोक बाजार आहे, ट्रक यायचेच. पण 'पास आहे' एवढ्यावर प्रश्न संपत नाही. उडुपीच्या नगरपालिकेने निवासी भागात सिनेमागृहाला परवानगी दिली होती. तिथला एक रहिवासी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1974 साली कोर्टाने ठरवलं, नगररचना योजनेविरुद्ध परवानगी द्यायचा पालिकेला अधिकारच नाही. मालकाचा पैसा खर्च झाला, तरी ती कायदेशीर होत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच प्रांतातलं, रतलामचं. उघडी गटारं, दारूच्या कारखान्याचं सांडपाणी, दुर्गंधी. लोक फौजदारी संहितेच्या कलम 133 खाली मॅजिस्ट्रेटकडे गेले. पालिका म्हणाली, पैसे नाहीत. वर, हे लोक डोळे उघडे ठेवूनच इथे राहायला आले! 1980 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने पालिकेचं काही ऐकलं नाही आणि कामाला मुदत घालून दिली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम 152 आहे.

बांधकामासाठी मात्र आपला 1956 चा नगर निगम कायदा उघडा. कलम 307 प्रमाणे नियमबाह्य इमारतीविरुद्ध निगमच नव्हे, दुसरी कोणतीही व्यक्ती जिल्हा न्यायालयात मनाई हुकूम मागू शकते. खरं सांगतो, मीही हे वकिलीत बऱ्याच वर्षांनी नीट वाचलं. परवानगीलाच आव्हान द्यायचं, तर घटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टाचं ग्वाल्हेर खंडपीठ गावातच आहे.

आधी कागद मिळवा. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रार लेखी द्या, आवक शिक्का घ्या. आणि उशीर नको. आपण शेजारधर्म म्हणून गप्प बसतो, तिसरा स्लॅब पडला की जागे होतो. मग कोर्ट विचारतं, इतके दिवस कुठे होता?

वहिनी पाया खणतानाच आल्या होत्या. वेळ माझ्या "बघू"ने गेला. नकाशा हाती आला तेव्हा छत पडलं होतं. त्यात वाड्याकडची बाजू मोकळी दाखवली आहे. प्रत्यक्षात भिंतीला भिंत आहे. अर्ज दाखल केलाय. पुढची तारीख दिवाळीनंतर.