अनधिकृत बांधकाम असलेलं घर विकताना



घर विकायला काढलं, गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला. मग गिऱ्हाइकाच्या बँकेचा माणूस मंजूर नकाशा घेऊन घर बघायला आला. नकाशात तळमजला आणि पहिला मजला, प्रत्यक्षात वर आणखी दोन मजले, मागच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर वाढवलेलं. बँकेनं कर्ज नाकारलं आणि व्यवहार मोडला. चार दिवसांनी एजंट निरोप घेऊन येतो : "एक पार्टी आहे. कर्जाची भानगड नाही, कागदांची कटकट नाही, सगळी रक्कम रोख. भाव तेवढा उतरवा, पंधरा दिवसांत मोकळे व्हाल."

असा निरोप आलेल्या, किंवा उद्या येऊ शकेल अशा घरमालकांशी मला आज बोलायचं आहे. माझं सांगणं थोडक्यात असं : बांधकामात दोष असलेलं घर बहुतेक वेळा विकता येतं. पण दोष लपवून आणि नोटा मोजून घेऊन ते विकलं, तर घर हातातून जातं आणि जबाबदारी मात्र तुमच्याकडे राहते.

पहिलं काम म्हणजे दोष नेमका कोणता आहे ते ओळखणं. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या बांधकाम विभागातून मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती काढा. सरळ मिळाल्या नाहीत, तर माहिती अधिकारात अर्ज करा. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका आणि अकृषिक परवानगीचे कागद त्यांच्या जोडीला ठेवा. मग नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून घराची मोजणी करून घ्या आणि नकाशापेक्षा कुठे काय जास्त आहे, ते लेखी मागा.

पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही वीस वर्षं घरपट्टी भरतोय, म्हणजे घर अधिकृतच." तसं नाही. घरपट्टी हा कर आहे, बांधकामाची परवानगी नव्हे. नुसती वर्षं लोटल्यानंही बांधकाम अधिकृत होत नाही. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीचं उदाहरण पाहा. पाच मजल्यांच्या परवानगीवर १९८०च्या दशकात वर मजले चढले. लोकांनी पैसे मोजून तिथं घरं घेतली, संसार केले. तरी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात वरचे मजले अनधिकृतच ठरले आणि २०१४च्या जूनमध्ये तिथलं पाणी, वीज आणि गॅस तोडण्याची कारवाई झाली. डिसेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं, की कितीही काळ गेला, कितीही खर्च केला किंवा अधिकारी गप्प बसले, तरी बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासल्याशिवाय बँकांनी कर्ज देऊ नये, असंही त्या निकालात आहे.

दोष कळला, की त्याचे दोन भाग करा : नियमित होऊ शकणारा आणि न होणारा. आपल्या राज्यात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. त्याखाली डिसेंबर २०२०मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. बृहन्मुंबईसारखी काही क्षेत्रं वगळता ती राज्यभर चालते. तिच्यात शुल्क भरून वाढीव चटईक्षेत्र मिळण्याची सोय आहे. म्हणून जुन्या नियमात न बसलेला मजला आजच्या नियमात बसूही शकतो. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या, घरांसाठी २००१चा वेगळा कायदा आहे. २०२१मधल्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचं दार उघडलं. मात्र रस्तारुंदीच्या रेषेत, नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत किंवा सार्वजनिक आरक्षणावर बांधलं असेल, तर नियमित होण्याची आशा धरू नका. ज्या वाढीव भागामुळे अग्निशमनाची गाडी इमारतीपर्यंत पोचू शकत नाही, तो भाग स्वतःहून काढलेलाच बरा.

आता तुमचं घर म्हणजे इमारतीतला फ्लॅट असेल आणि बिल्डरनं भोगवटा प्रमाणपत्रच आणलं नसेल, तर तो दोष तुमचा नाही. ते प्रमाणपत्र मिळवणं ही बिल्डरची कायदेशीर जबाबदारी आहे. ते न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती चालूच राहणारी चूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२मध्ये मुंबईतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात म्हटलं आहे. तेव्हा संस्थेमार्फत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. फ्लॅट विकताना मात्र प्रमाणपत्र नाही ही गोष्ट खरेदीदाराला सांगितलीच पाहिजे.

पालिकेची नोटीस आली असेल, तर ती कपाटात टाकू नका. तिच्या मुदतीत लेखी उत्तर द्या, आणि बांधकाम नियमात बसत असेल, तर ते कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज त्याच मुदतीत करा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४च्या निर्देशांप्रमाणे बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरच्या बांधकामाला आणि न्यायालयानं स्वतः पाडायला सांगितलेल्या बांधकामाला ही सवलत नाही.

आता रोख रकमेकडे येऊ. खरेदीदार कर्ज न काढता स्वतःच्या पैशानं घर घेतो, यात काहीच गैर नाही. दोष असलेल्या घराला बहुधा असाच खरेदीदार मिळतो. पण पैसे बँकेतूनच आले पाहिजेत. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांनी घ्यायला आयकर कायद्यानं १ जून २०१५ पासून बंदी आहे, मग ती इसाराची असो की पूर्ण किमतीची. दंड होतो तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्या तुम्हाला, आणि जेवढी रोख घेतली तेवढाच. दहा लाख घेतले तर दंडही दहा लाख. शिवाय एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की दाव्यात दोन लाख किंवा अधिक रोख दिल्याचं आलं, तर न्यायालयानं ते आयकर विभागाला कळवावं. म्हणजे उद्या तुमचं आणि खरेदीदाराचं भांडण झालं, तर रोखीची गोष्ट उघड होणारच.

खरेदीखतात किंमत कमी दाखवून कर वाचतो, हाही समज सोडा. रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या, मूल्यापेक्षा किंमत बरीच कमी दाखवली, तर कर त्या मूल्यावरच मोजला जातो. उलट पूर्ण किंमत बँकेतून घेतली, तर सवलत मिळवता येते. घर दोन वर्षांहून जास्त तुमच्याकडे असेल आणि विक्रीचा नफा तुम्ही दोन वर्षांत दुसरं घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात घातला, तर त्यावरचा कर वाचू शकतो. हातात आलेल्या बेहिशेबी नोटांना ही सोय नाही.

रोखीवाले आणखी एक गोष्ट सुचवतात : "खरेदीखत राहू द्या, नोटरी करून कुलमुखत्यारपत्र द्या." हे करू नका. अशा कागदानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच सांगितलं आहे. सरकारदरबारी नाव तुमचंच राहतं. पालिकेची पुढची नोटीस तुमच्या नावानं निघते. नव्या माणसानं आणखी एक मजला चढवला, तरी जाब तुम्हालाच विचारला जातो.

मग भाव कसा ठरवायचा? समजा, निर्दोष असतं तर तुमचं घर ऐंशी लाखांना गेलं असतं. रोखीवाला पंचावन्न म्हणतो. वास्तुविशारदानं शुल्क, दंड आणि मागचा भाग पाडण्याचा खर्च मिळून नऊ लाखांचा अंदाज दिला. मग कपात नऊ लाखांची, आणि वर खरेदीदाराच्या वेळेचे आणि त्रासाचे काही. पंचवीस लाखांची नव्हे. हा आकडा तुमच्याजवळ नसतो, म्हणून समोरचा माणूस तुमच्या भीतीचा भाव करतो. वेळ असेल, तर आधी नियमित करा आणि मग विका. वेळ नसेल, तर अंदाज खरेदीदारापुढे ठेवा आणि नियमित करण्याचा अर्ज कोण करणार, खर्च कोण देणार, हे साठेखतात लिहा.

खरेदीखतात दोष स्वच्छ नोंदवा : मंजूर क्षेत्र किती, प्रत्यक्ष किती, कोणत्या तारखेची कोणती नोटीस आली आहे. सगळ्या प्रती परिशिष्ट म्हणून जोडा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ५५ प्रमाणे खरेदीदाराला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं हे विक्रेत्याचं कर्तव्य आहे आणि तो दडवणं ही फसवणूक ठरते. "घर आहे त्या स्थितीत विकलं" एवढं एक वाक्य घालून, आलेली नोटीस लपवता येत नाही. लिहून दिलेला दोष मात्र पुढे तुमचंच संरक्षण करतो.

आणि श्रोतेहो, हा प्रश्न केवळ कागदांचा नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा परिसरात एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. वाढवलेल्या मजल्याचं ओझं खालचे खांब पेलतात का, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून विक्रीआधी संरचना अभियंत्याकडून घराची तपासणी करून घ्या आणि त्याचा अहवाल खरेदीदाराला द्या. आपण सोडलेल्या घरात उद्या कुणाची तरी मुलं झोपणार आहेत. त्यांच्या आईबापांना खरं काय ते कळणं हा त्यांचा हक्क आहे.

तेव्हा एजंटाला होकार देण्याआधी निदान एवढं करा : नकाशाची प्रत काढा, वास्तुविशारदाचा लेखी अंदाज घ्या, आणि इसाराचा पहिला रुपयासुद्धा बँकेच्या खात्यातच घ्या. यानं घर आठवड्यात जाणार नाही, कदाचित काही महिने लागतील. पण विकल्यानंतर कुणी दारात येऊन जाब विचारला, तर दाखवायला तुमच्याजवळ कागद असतील आणि त्यावर लिहिलेलं सगळं खरं असेल.