रुग्णाची नोंद, रुग्णाचे रक्षण



आंदर मावळातील वा नाणे मावळातील रुग्णाचा मार्ग लांबचा असतो. प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून कान्हे, तळेगाव अथवा लोणावळा येथील रुग्णालय आणि प्रकृती अधिकच बिघडल्यास पुण्याचे ससून. रुग्ण पुढे जातो. त्याची चिठ्ठी मात्र पुष्कळदा घरी राहते, नाहीतर पावसात भिजून वाचेनाशी होते. पेनिसिलिन सोसत नाही, एवढी एक ओळ हरवली तरी प्रसंग जिवावर बेततो.

ही उणीव दूर व्हावी यासाठी २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ क्रमांक १४ अंकी असतो. गावात एकाच नावाचे दोघे असले तरी क्रमांक निराळा राहतो. रुग्णालयाने या क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने अन्यत्र पाहता येतात.

परंतु यंत्राला चूक-बरोबर कळत नाही. चुकीची नोंद झाल्यास तीच चूक रुग्णाबरोबर सर्वत्र जाते. म्हणून नाव, वय, रक्तगट व न सोसणारी औषधे नोंदवल्यावर ती रुग्णास वाचून दाखवावीत. वीज खंडित झाल्यास कागदी नोंदवही हाताशी असावी.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत या क्रमांकाची व संमतीच्या हक्काची माहिती द्यावी. शिक्षकांनी निरक्षर पालकांना त्यासाठी साहाय्य करावे. बिनचूक नोंद हाही उपचाराचाच भाग आहे.