खडकावरचा कोळी आणि रेघांचे जाळे



चित्राचा अर्थ लावणे म्हणजे चित्रकाराच्या मनात शिरून तेथले गुपित काढून आणणे, असा एक समज आहे. आम्हांला तो मान्य नाही. चित्रात काय काय आहे ते आधी डोळ्यांनी मोजून घ्यावे. अर्थ मागाहून येतो.

जपानचा चित्रकार होकुसाई याने १८३० च्या सुमारास फूजी पर्वताची दृश्ये लाकडी ठशांवरून छापविली. त्यांतील एकात, लाटांवर झुकलेल्या खडकाच्या टोकाशी एक कोळी उभा आहे. हातांत ताणलेल्या दोऱ्या आहेत. मागे टोपलीजवळ एक पोर बसले आहे. पाहणारा सहज म्हणेल, हा समुद्रकिनारा. परंतु हे ठिकाण काजिकाझावा. तेथे समुद्र नाही, फूजी नदी आहे. चित्रकाराने नदीला समुद्राचा आवेश दिला. आता रेघा पाहा. कोळ्याच्या दोऱ्या आणि खडक यांचा एक त्रिकोण होतो. धुक्यावर दिसणाऱ्या पर्वताचाही तोच आकार. पोटासाठी दोरी धरणाऱ्या माणसाला होकुसाईने पर्वताच्या पंगतीला बसविले आहे.

आता सह्याद्री उतरून डहाणू तालुक्यात जाऊ. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे १९३४ साली जन्मले आणि २०१८ साली निवर्तले. वारल्यांत लग्नाचा चौक सवाशिणींनी लिहावा, अशी रीत. म्हशांनी हा हात लग्नघराबाहेर आणला आणि रोजचे जगणे रंगविले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मासेमारीच्या चित्रात जाळेच अवघे कापड व्यापते. एकेक घर पांढऱ्या बारीक रेघेने विणलेले, आणि माणसे मुंगीएवढी. त्या माणसांचे अंग म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. होकुसाईचा कोळी एकटा दोरी धरतो. येथे जाळे कोणा एकाचे नाही, म्हणून माणूस लहान असूनही दुबळा दिसत नाही.

कोणी म्हणतील, ही तर पडद्यावर छापायची नक्षी. आमचे त्यांना एवढेच सांगणे की, त्या जाळ्याची घरे एकदा बोटाने मोजावीत. जाळे विणणाऱ्याला जी चिकाटी लागते, तीच येथे कागदा-कापडावर खर्ची पडली आहे. कष्ट ओळखता न आल्यामुळेच त्यांना नक्षी म्हणण्याची पाळी येते.

राजूरकरांना हे परके वाटू नये. आपल्याकडचे महादेव कोळी नावाने कोळी, पण त्यांचा संसार भातखाचरांचा. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेली माणसांची रांग आठवा. वर ढगांत कळसूबाई. वाकलेल्या पाठीचा आकार आणि डोंगराचा आकार यांत काही नाते दिसते का, हे येत्या पावसाळ्यात आपण स्वतः पाहावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.